उलटा नरसिंह

आमच्या शिवणाच्या मशीनवरच्या नरसिंहाला तोंड नव्हतं. एके काळी असणार, पण मला कळायला लागलं तेव्हा त्या जागी नुसता एक गुळगुळीत काळा ठिपका उरला होता. बाकी सगळं जागच्या जागी होतं. पुढे पसरलेले पंजे, पाठीवरून वर वळवलेली शेपटी, डोक्यावरून दोन्ही खांद्यांवर उतरलेलं पट्ट्यापट्ट्यांचं फडकं, आणि भोवती कमळांची वेल. काळ्याभोर लोखंडावर सगळं सोनेरी. तोंड तेवढं आईनं घालवलं होतं, दर वर्षी हळदकुंकू लावून आणि दुसऱ्या दिवशी तेलाच्या चिंधीनं पुसून पुसून.

ते तोंड मला गेल्या शनिवारी दुपारी दिसलं. सिंगापुरात तोआ पायोहमध्ये, एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर, कपडे आल्टर करून देणाऱ्या चिनी आंटीच्या दुकानात.

माझी मुलगी रेवा इथे पॉलिटेक्निकला डिझाइन शिकते. तिला प्रोजेक्ट होता, की पश्चिमेकडच्या लोकांनी पूर्वेकडची चित्रं आपल्या घरातल्या वस्तूंवर कशी कशी काढली. महिनाभर आमच्या पुंगोलच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलावर त्याचाच पसारा होता. किटलीवर पॅगोडा, बशीवर निळी नदी आणि निळा पूल, भिंतीच्या कागदावर चिनी पाखरं, शालीवर आपली कोयरी. आणि शिवणाच्या मशीनवर इजिप्तचा स्फिंक्स. तो फोटो तिनं दाखवला तेव्हा मी भाजी चिरत होते आणि मी तिच्याकडे न बघताच "छान आहे" म्हटलं. मग दुसऱ्या फोटोलाही तेच म्हटलं.

"आई, दे नेव्हर इव्हन गो इजिप्त, लाह," रेवा इथल्या लोकांसारखं वाक्याला 'लाह' जोडून म्हणाली. "पुस्तकात चित्र बघितलं, कॉपी केलं, फिनिश. घरात बसून त्यांना लांबचं काहीतरी पाहिजे होतं."

असं मशीन अजून वापरात असलेलं तिला हवं होतं, आणि तिच्या मैत्रिणीला तोआ पायोहची ही आंटी माहीत होती. "तू चल ना, आजी शिवायची ना, तुला पार्ट्सची नावं माहितीयेत," असं तिनं म्हटल्यावर मला नाही म्हणता आलं नाही. तिच्या आजीच्या मशीनबद्दल घरात बोलणं निघालं की मी एरवी काहीतरी काम काढून उठते.

दुकान कसलं, भिंतीत कोरलेली एक खोली. वर टांगलेल्या चेन, दोऱ्यांची रिळं, अर्ध्या उसवलेल्या शाळेच्या पँटी. पुढे दोन विजेची मशीनं, आणि मागे, पंख्याच्या खाली, ते. वास आला तो आधी. मशीनच्या तेलाचा आणि नव्या कापडातल्या खळीचा. मी दारातच थांबले, तर आंटी म्हणाली, "कम, कम. माय मदर वन. स्टिल कॅन यूज." तिच्या आईचं होतं ते.

पिठाच्या गिरणीमागे आमच्या दोन खोल्या होत्या, कऱ्हाडात. गिरणीची भिंत आणि आमची भिंत एकच, त्यामुळे ती कायम कोमट असायची आणि हात टेकला की तळव्याला गुदगुल्या व्हायच्या. घरात सगळ्यावर पिठाची एक बारीक साय धरायची. आई सकाळी उठून आधी मशीन पुसायची, मग देव. बाबा हसायचे. बाबांनीच ते मशीन सातारच्या जुन्या बाजारातून आणलं होतं, लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, एसटीच्या टपावर घालून. वेष्टनाचं गोणपाट सोडलं आणि आईला पहिल्यांदा दिसला तो हा सिंह. माणसाचं तोंड आणि सिंहाचं अंग.

आमचं कुलदैवत नरसिंह. आईला दुसरं काही सुचण्याचं कारणच नव्हतं. तिनं तिथल्या तिथे पदर डोक्यावर घेतला आणि हात जोडले.

शेजारची सुमनमावशी तेव्हा नवी नवी लग्न होऊन आली होती आणि जिभेला हाड नाही म्हणतात तशी होती. ती म्हणाली, "वहिनी, नरसिंहाचं तोंड सिंहाचं असतंय आणि अंग माणसाचं. ह्याचं समदं उलटंच हाय की!"

"साहेबाच्या देशात जाऊन आलाय तो," आई म्हणाली. "परदेशी गेलं की उलटं व्हायचंच."

हा विनोद आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षं चालला. कुणी चहात आधी दूध घातलं, कुणी सदरा उलटा घातला, की तो उलटा नरसिंह. खंडेनवमीला मशीनला सुट्टी असायची. कात्री, टेप, खडूची पेटी, तेलाची कुपी, सगळं एका पाटावर मांडून आई पूजा करायची आणि शेवटी करंगळीशेजारच्या बोटानं नरसिंहाच्या कपाळाला कुंकू लावायची. त्या दिवशी मशीनचा आवाज नसायचा आणि त्यामुळे गिरणीचा आवाज जास्त मोठा वाटायचा.

मशीनचा आवाज मी कागदावर उतरवू शकत नाही. टीप सरळ चालली असली की तो एकसारखा यायचा, झबल्याच्या गळ्याशी वळण आलं की अडखळायचा. आई गावभरच्या बाळंतिणींची झबली-टोपरी शिवायची, कुंच्या शिवायची, पोरींची परकर-पोलकी शिवायची. त्या आवाजात आईला काही ऐकू येत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. म्हणून घरातली सगळी पापं मी त्या आवाजाच्या आडून कबूल करायचे. आईच्या पाठीमागे जमिनीवर बसून, चिंध्यांशी खेळत, पुटपुटत: आई, कपबशी माझ्या हातून फुटली. आई, गणितात नापास झाले. आई, तुझ्या खडूनं मी भिंतीवर चित्र काढलं. सांगून झालं की मन हलकं व्हायचं, आणि आईला कळलेलंही नसायचं. दुहेरी फायदा.

कधी कधी मात्र आई चालतं मशीन थांबवायची. पाय सोडून चाकावर तळहात ठेवायची, चाक तिथल्या तिथे थांबायचं, आणि मान न वळवता विचारायची, "काय म्हणालीस?"

"काही नाही."

तळहात थोडा वेळ तसाच चाकावर असायचा. मग आई हात काढायची आणि टीप पुढे चालू व्हायची.

तेरा वर्षांची होते तेव्हा मी एक गोष्ट मशीन बंद असताना मोठ्यानं सांगितली. पोस्टमास्तरांच्या पत्नी ब्लाउजचं माप द्यायला आल्या होत्या आणि आई टेप घेऊन त्यांच्या खांद्याशी उभी होती. मी शाळेच्या लायब्ररीतून जगातल्या आश्चर्यांचं एक पुस्तक आणलं होतं. त्यातलं पान उघडून मी आईच्या नाकासमोर धरलं. "आई, हा नरसिंह नाहीच मुळी. हा स्फिंक्स आहे, इजिप्तचा. थडग्यांची राखण करतो. बघ, डोक्यावरचं फडकं पण तेच आहे."

"थडग्यांची?" आईनं विचारलं.

पोस्टमास्तरीणबाईंनी मशीनकडे बघितलं, मग आईकडे, आणि त्यांना हसू आवरेना. "म्हणजे इतकी वर्षं थडग्याला कुंकू लावताय का हो तुम्ही?"

आईही हसली. हसत हसत तिनं माप घेतलं, आकडे वहीत लिहिले, बाईंना दारापर्यंत पोचवून आली. मी अजून पुस्तक धरूनच उभी होते. खरं बोलल्याचा एक ताठा असतो, तो माझ्या मानेत होता. आईनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं, ते चित्र बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "किती मोठं आहे गं हे. उन्हात उभं असतं का दिवसभर?" बस्स, एवढंच.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला तिनं कात्रीला, टेपला, तेलाच्या कुपीला आणि चाकाला कुंकू लावलं. मग बोट नरसिंहाच्या जवळ नेलं, आणि उरलेलं कुंकू मशीनच्या खणावर टेकवून हात पुसला. मी बघत होते आणि ते तिला माहीत होतं.

मार्गशीर्षात बाबा गेले.

आईनं कधी एका शब्दानं या दोन गोष्टींची सांगड घातली नाही. दुसऱ्या कुणीही घातली नाही. घातली ती मी. शास्त्र शिकले, पुण्याला इंजिनिअर झाले, अंधश्रद्धेवर कॉलेजच्या स्पर्धेत भाषण करून पहिला नंबर काढला, पण आत कुठेतरी तेरा वर्षांची ती पोर एकच वाक्य घोकत राहिली, की घराचा राखणदार मी जागेवरून उठवला. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं आहे काय त्यात.

त्यानंतर आई स्वतःच्या हातानं कुणाला कुंकू लावेनाशी झाली. खंडेनवमीला सुमनमावशी यायची, पाटावरच्या सगळ्याला कुंकू लावायची, चाकाला लावायची. नरसिंह हा शब्द आमच्या घरातून गेला. विनोदही गेला. मशीन मात्र दुप्पट चालायला लागलं. माझी फी, माझं पुण्याचं हॉस्टेल, सगळं त्या पायांखालून निघालं. सुट्टीत घरी आले की मी पाठीमागे जमिनीवर बसायचे, पण पुटपुटायचे नाही. मोठी झाले होते.

मग नोकरी, लग्न, सिंगापूर. एम्प्लॉयमेंट पास, भाड्याचा फ्लॅट, रोज सकाळी एमआरटी म्हणजे मेट्रोनं रॅफल्स प्लेसला ऑफिसात आणि संध्याकाळी परत. आई कऱ्हाडलाच. गिरणीवाल्यांच्या मुलांनी जागा विकायला काढली तेव्हा खोल्या सोडाव्या लागल्या आणि आईला इकडे आणायचं ठरलं. माझा नवरा आईला घेऊन पुढे आला आणि खोल्या रिकाम्या करायला मी चार दिवस मागे राहिले.

निघताना आईनं मशीनवर हात ठेवला. "हे सुमनकडे ठेव. कुणाला देऊ नकोस."

"हो गं, ठेवते."

चौथ्या दिवशी दुपारी मी सुमनमावशीच्या दारापर्यंत गेले होते. तिच्या घरात नव्या सुनेचं कपाट येत होतं, ते दारात अडकलं होतं आणि घरातले सगळे ओरडून एकमेकांना सूचना देत होते. मशीन ठेवायला तिथे जागा नाही हे मला दिसलं. दिसलं म्हणजे मी बघून घेतलं. विचारलं असतं तर मावशीनं पलंगाखालची जागा करून दिली असती. मी न विचारता परत फिरले आणि कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याला हाक मारली.

त्यानं मशीन हातगाडीवर आडवं घातलं. गाडी उतारावरून निघाली तेव्हा चाक आपोआप फिरत होतं, आणि टीप पडावी तसा आवाज येत होता. मी तो आवाज वळणापर्यंत ऐकला आणि मग बॅगा भरायला घेतल्या.

सिंगापूरला पोचल्यावर आईनं पहिला प्रश्न तोच विचारला.

"सुमनमावशीकडे आहे. वर चादर घातलीय मावशीनं," मी म्हटलं. चादर मला कुणी विचारली नव्हती. ती मी माझ्या पदरची घातली.

आई तीन वर्षं आमच्याकडे पुंगोलला राहिली. सुरुवातीला तिला इथे काय चाललंय तेच कळेना. इथे थंडी नाही, उन्हाळा नाही, झाडाची पानं गळत नाहीत. "महिने मोजायचे कशावरून?" ती विचारायची. मग तिनं भारतातून मराठी कॅलेंडर मागवून घेतलं आणि स्वयंपाकघरात लावलं. दुपारी तिला एलआरटीच्या छोट्या गाडीत बसायला आवडायचं. आमच्याकडची एलआरटी गोल फिरून परत त्याच स्टेशनात येते, आणि चालवायला कुणी नसतं. आई पहिल्या डब्यात काचेपाशी बसायची आणि आमचं स्टेशन परत आलं की म्हणायची, "फिरून फिरून भोपळे चौकात." मग आणखी एक चक्कर मारायची.

रेवा आणि ती, दोघी एकमेकींच्या भाषेतून वाट काढत होत्या. रेवाचं मराठी आईनं सुधारलं आणि आईच्या मराठीत रेवानं 'लाह' घुसवला. "जेवून घे, लाह," असं आईनं पहिल्यांदा म्हटलं तेव्हा आम्ही सगळे टेबलावर हसून लोळलो. रेवानं पुरणपोळी काट्यानं खाल्ली त्या दिवशी आई म्हणाली, "ही बघा, उलटी नरसिंह!"

मी हातातलं ताट खाली ठेवलं. तेहतीस वर्षांनी तो शब्द आला होता.

आणि मग पहिली खंडेनवमी आली. मी घरूनच काम करत होते, कानाला हेडफोन, कुठलीशी मीटिंग. आई दारात येऊन उभी राहिली. मी हेडफोन काढला.

"सुमनला फोन कर," ती म्हणाली. "म्हणावं, नरसिंहाला कुंकू लाव. चाकाला नको, कपाळाला लाव."

"सांगते."

आई लगेच गेली नाही. दाराच्या चौकटीवर तळहात ठेवून उभी होती. "सांगशील ना नक्की?"

"सांगते म्हटलं ना, आई."

दुसऱ्या वर्षी तेच. तिसऱ्या वर्षीही तेच, तेव्हा ती पलंगावर होती आणि हात पलंगाच्या कठड्यावर होता. दर वेळी मी 'सांगते' म्हटलं, संध्याकाळी 'सांगितलं' म्हटलं, आणि एका वर्षी तर 'मावशीनं फूलही वाहिलंय' म्हटलं. तोंड नसलेल्या नरसिंहाला, जो भंगारात वितळून गेला होता. लहानपणी खरं बोलून तिचा देव घालवला होता. मोठेपणी तिनं तो आपणहून परत आणला, तर त्याचं घरच मी विकून बसले होते. हे तिला सांगायचं म्हणून मी किती वेळा तिच्या खोलीपर्यंत गेले असेन. प्रत्येक वेळी वाटायचं, आता नको, आता जरा बरी आहे. आता नको, आता बरी नाही.

गेल्या वर्षी चैत्रात आई गेली.

दुकानात रेवा मशीनच्या चहूबाजूंनी फोटो काढत होती. मी वाकून बघितलं. तेच पंजे, तीच शेपटी, तीच कमळं. आणि तोंड. शाबूत, सोनेरी, नखाएवढं. ते बाईचं तोंड होतं. गोल गाल, बारीक जिवणी, आणि डोळे असे की काहीतरी ऐकत असावी. एवढी वर्षं आमच्या घरात एक बाई बसली होती आणि आम्ही तिला नरसिंह म्हणत होतो. कुठल्यातरी गार देशात कुणीतरी न बघितलेला इजिप्त काढला, तो न बघितलेल्यांनी विकत घेतला, फिरत फिरत तो कऱ्हाडला अशा एका बाईकडे आला जिनं इजिप्तचं नावही ऐकलं नव्हतं, आणि तिनं त्याला बघताक्षणी ओळखलं. चुकीचं ओळखलं, पण घरचं माणूस ओळखावं तसं.

मी आंटीला विचारलं, तुझी आई याला काय म्हणायची? आंटी म्हणाली, सिंह. दारातला सिंह असतो ना देवळाच्या, तो. दुकान राखतो. मग खांदे उडवून म्हणाली, "बट फेस लाइक लेडी. माय मदर ऑल्सो फेस लाइक दॅट, व्हेरी फिअर्स," आणि खळखळून हसली.

काय वाटलं कुणास ठाऊक, मी एक फोटो काढून सुमनमावशीला पाठवला. दोन मिनिटांत तिचा फोन.

"अगं बया, हे तर तुमचं मशीन! घावलं का परत?"

"नाही मावशी, हे इथलं आहे. दुसऱ्या कुणाचं."

"व्हय की. ह्याला तोंड हाय."

मग 'घावलं का परत' हे शब्द मला उशिरा ऐकू आले. "मावशी," मी म्हटलं, "परत म्हणजे? तुला माहीत होतं?"

"भंगारवाल्याच्या गाडीवरनं जाताना बघितलं की मी ते. आमचं कपाट अडकलं होतं दारात, मी पलीकडं उभी."

"आणि आई?"

मावशीनं नाक ओढल्याचा आवाज आला. "तिकडं गेल्यावर पहिल्याच महिन्यात फोन आला तिचा. नातीनं लावून दिला होता. मला म्हणाली, सुमे, मशीनला ओल लागू देऊ नकोस. मी काय खोटं बोलणार? बोलून गेले, वहिनी, मशीन नाही ओ माझ्याकडं. मग म्हणाली, बरं. आणि म्हणाली, तू लेकीला काही बोलू नकोस."

मी दुकानाच्या दारात आले होते. समोरच्या बाकावर दोन म्हातारे सोंगट्या मांडून बसले होते.

"मग दर वर्षी मला का सांगायची, मावशी? सुमनला फोन कर म्हणून?"

"ते मला कुठनं ठाऊक? त्या दिवशी मलाबी फोन करायची. लावलंस का कुंकू? म्हणायची. मी म्हणायचे, लावलं."

"कशाला लावलं?"

"मिक्सरला," सुमनमावशी म्हणाली. "आता मशीनच की ते पण. खोटं तरी किती बोलायचं माणसानं."

मला हसू आलं. फोन ठेवला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर मावशी नव्हती. दाराच्या चौकटीवर टेकलेला आईचा तळहात होता. पलंगाच्या कठड्यावर टेकलेला तळहात होता. तीन वर्षं, दर खंडेनवमीला, ती चालतं मशीन थांबवून विचारत होती, काय म्हणालीस? आणि मी पन्नाशीला टेकलेली बाई, काही नाही, काही नाही.

आत आले. आंटीनं मला बघितलं आणि काही न विचारता मशीनपुढचं स्टूल ओढून दिलं. "यू सिट. यू ट्राय."

मी चप्पल काढली. पाय ठेवले. लोखंड गार होतं. चाकाला हातानं एक झोका दिला आणि पाय आपोआप चालायला लागले, टाच, चवडा, टाच, चवडा. कापड नव्हतं, दोरा नव्हता, नुसती सुई वरखाली होत होती. तो आवाज आला. पंख्याच्या वाऱ्यानं चिंध्या हलत होत्या, रेवा कुठेतरी पाठीमागे होती, आणि गिरणीची भिंत माझ्या पाठीला लागून आहे असं मला वाटलं.

"आई," मी पुटपुटले, "मशीन सुमनमावशीकडे नव्हतं गं. मी भंगारात दिलं."

पाय चालत होते.

"आई, स्टॉप. ब्लर येतंय फोटोत." रेवा पुढे झाली आणि तिनं चाकावर तळहात ठेवला. चाक तिथल्या तिथे थांबलं. मोबाइलच्या स्क्रीनमध्ये बघत, मान न वळवता ती म्हणाली, "काय म्हनालीस?" ण तिला अजून नीट येत नाही.

'काही नाही' जिभेवर आलं होतं. सवयीनं.

"आजीचं मशीन," मी म्हटलं. "ती मला सांगून गेली होती की कुणाला देऊ नकोस. मी ते भंगारात दिलं, आणि तिच्याशी तीन वर्षं खोटं बोलले."

रेवानं मोबाइल खाली केला. तिच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं.

"आय नो," ती म्हणाली. "फोन मीच लावला होता ना. मी तुला विचारनार होते, तर आजी म्हनाली, नको."

"का म्हणाली?"

रेवा आठवत होती. आजीचे शब्द जसेच्या तसे यावेत म्हणून तिनं क्षणभर डोळे मिटले.

"म्हनाली, थांब, लाह. सांगेल ती."

तिनं चाकावरचा हात काढला. मला मात्र पाय हलवता येईनात.